चौथ्या लेनचा कागद

पैज लागली ती दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर, रविवारी सकाळी, चहा गार होत असताना. भिंतीपलीकडे पोस्टमास्तर. त्यांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या पाकिटावरचा पत्ता आणि जमलं तर आतला मजकूर वाचायची सवय काही सुटली नव्हती. भिंतीअलीकडे जावई. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, घराच्या मागच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं काढली, तरी गल्लीत त्याला दुसरं नाव मिळालं नाही. नेमबाजी क्लबच्या बंदुका दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि लोकांच्या खोड्या काढणं हा स्वभाव. धंद्यात कधीकधी खाडा व्हायचा, स्वभावात नाही.

"आप्पांना पत्र आलंय म्हणे," पोस्टमास्तर म्हणाले. म्हणे म्हणजे पाकीट त्यांनी उजेडात धरून पाहिलं होतं.

पत्र लायसन्स ऑफिसचं होतं. आजवर बंदुकीचं लायसन्स नवं करायचं तर क्लबचं एक पत्र पुरायचं, की हा आमचा मेंबर, नियमित सराव करतो, वागायला सरळ. क्लब आप्पांनीच चार मित्रांबरोबर उभा केलेला आणि सेक्रेटरी आप्पांचाच थोरला मुलगा, तेव्हा ते पत्र मिळणं म्हणजे स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या मागवण्याइतकं सोपं. या वर्षीपासून मात्र डॉक्टरचा दाखलाही हवा होता. डोळे, हाताचा कंप, आणि डोकं ठिकाणावर आहे की नाही. थोरल्याने क्लबच्या वतीने चार पानी निषेध धाडला, की ज्यांनी जन्मात बंदूक धरली नाही ते आमची परीक्षा कसली घेणार. उत्तर दोन शब्दांचं आलं. पत्र मिळालं.

"एकोणऐंशीचे आहेत ते," पोस्टमास्तर म्हणाले. "डॉक्टरच्या तक्त्याची शेवटची ओळ त्यांना दिसली तर मी काय वाटेल ते करीन."

हे वाक्य जावयासमोर बोलायचं नसतं. पोस्टमास्तरीणबाईंचा एक गाऊन होता, पिवळा, त्याच्यावर बदकं. जावयाने तो दोरीवर वाळताना कितीदा तरी पाहिला होता आणि तो कधीतरी कामाला येणार याची त्याला खात्री होती.

"आप्पा सगळा तक्ता वाचतील," तो म्हणाला. "नाही वाचला तर मी, आणि वाचला तर तुम्ही. हरेल त्याने क्लबच्या वार्षिक सामन्याला बायकोचा गाऊन घालून सगळ्या लेनवर कागद लावून यायचं. चालत जायचं, चालत यायचं. पळायचं नाही."

पोस्टमास्तरांनी हात पुढे केला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला की माझ्या कपड्यांना हात लावाल तर बघा, पण तोवर हात मिळवून झाले होते.

जावयाने पैज कधी नशिबावर सोडली नाही. तो दुसऱ्याच दिवशी डोळे चुरचुरतात असं सांगून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि त्या आत हात धुवायला गेल्या तेवढ्यात भिंतीवरचा तक्ता मोबाईलमध्ये उतरवून आला. मग रोज दुपारी आप्पांना अंगणात बसवायचं आणि एकेक ओळ घोटून घ्यायची. आप्पा आयुष्यभर जमिनी मोजत फिरलेले, आकडे आणि खुणा डोक्यात ठेवायची सवय मुरलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आख्खा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. जावयाच्या डोळ्यांसमोर बदकं तरंगू लागली.

"खरं सांगू का, बापू," आप्पा जावयाला म्हणाले, "मला चौथ्या ओळीखाली नुसती धूळ दिसते. पण एवढी घोकंपट्टी नको होती. खालचं तो सांगतो."

"तो कोण?"

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू खोडी काढायची पाळी आज त्यांची होती. जावई हसला. आपली फिरकी कुणी घेतली तर काय करायचं याचा त्याला सराव नव्हता, म्हणून त्याने विषय सोडून दिला.

गुरुवारी संध्याकाळी थोरल्याने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. आप्पा आत झोपले होते. टेबलाशी थोरला, त्याची बहीण म्हणजे जावयाची बायको, धाकट्या भावाची बायको म्हणजे वहिनी, आणि जावई. मागे भिंतीच्या वाटणीवरून भांडण झालं होतं तेव्हाही हीच माणसं याच खुर्च्यांवर बसली होती. फरक एवढाच, की तेव्हा वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर धाकटा होता.

धाकटा जाऊन अकरा महिने झाले होते. वय बेचाळीस. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही.

क्लबची एक जुनी रीत होती. मेंबर गेला की वर्षभर त्याची लेन दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दर रविवारी तिथे इतरांसारखाच कागद लावायचा, सराव संपला की कोराच काढायचा, आणि सेक्रेटरीने तारीख घालून कपाटात ठेवायचा. चौथी लेन धाकट्याची. तिचे कागद थोरला स्वतः काढून आणायचा.

त्याने टेबलावर सहा कागद मांडले. शेवटच्या सहा रविवारचे. एकही कोरा नव्हता.

भोकं सगळी एकाच जागी होती. मधल्या काळ्या ठिपक्याच्या खाली, डावीकडे, घड्याळात सात वाजता काटा असतो तिथे. चाप ओढताना हिसका देणाऱ्या माणसाच्या गोळ्या तिथे जातात, आणि क्लबात अशी खोड एकाच माणसाला होती. आप्पांनी वीस वर्षं त्याला त्यावरून फाडून खाल्लं होतं. तो नाकातून फुर्र करून हसायचा आणि पुढची गोळी पुन्हा सात वाजताच मारायचा.

"दाजी," थोरला म्हणाला, "माझ्या बुटात बेडूक सोडलात, मी काही बोललो नाही. माझ्या नावाने क्लबात मोफत केस कापायचं शिबिर लावलंत, तेही सोसलं. पण ही मस्करी नव्हे."

जावयाने सांगितलं की हे मी केलेलं नाही. त्याने ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आवाज न चढवता, कारण तसं बोललं की लोकांना खरं वाटतं असा त्याचा अनुभव होता. कुणालाही खरं वाटलं नाही. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, माझी शपथ घ्या." त्याने घेतली. तिने मान फिरवली. बावीस वर्षांत तिच्या किती खोट्या शपथा आपण घेतल्या हे मोजायची बुद्धी त्याला आत्ता झाली.

वहिनींनी एकेक कागद उचलून भोकांवरून बोट फिरवलं. रडल्या नाहीत.

"हे त्यांचेच आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त या शेवटच्यावर नऊ आहेत. दहावी राहिली."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून थोरल्याने उठून खिडकी लावली. गेले सहा रविवार आप्पा दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांना आकडा सांगत होते. आज त्याचे चौऱ्याहत्तर पडले. आज एकाहत्तर. म्हाताऱ्या माणसाला बोलू द्यावं म्हणून त्या हो हो करत होत्या. आत्ता कागदांवर मनातल्या मनात बेरीज केली, तर आकडे तेच येत होते.

आतून आप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो मधेच थांबला की चौघेही दाराकडे बघायचे.

जावयाची बायको पहिली बोलली. म्हणाली, वडील काय करतायत ते मला कळत नाही, पण डॉक्टरीणबाईंना हे सांगायलाच हवं. शनिवारी तपासणी आहे, देवाने वेळ चांगली आणलीय. थोरल्याने नाही म्हणून मान हलवली. क्लबचं पत्र त्याने टाइप करून ठेवलं होतं, नेम अचूक, सराव नियमित. सेक्रेटरीच्या बापालाच डॉक्टरने नापास केलं तर उद्या त्याच्या निषेधाच्या चार पानांत लोक भेळ बांधून खातील. आणि आप्पांच्या हातातून बंदूक गेली तर मागे काय उरेल? तो बोलत होता क्लबचं, पण डोळ्यांत वडील होते.

सगळ्यांना वाटलं वहिनी नणंदेची बाजू घेतील. दोघी एका ताटात जेवणाऱ्या. वहिनी कागदांची चळत नीट करत म्हणाल्या, "ताई, रविवारची दुपार तेवढी माझी आहे. ती घालवू नका."

आता सगळे जावयाकडे बघायला लागले. त्याच्या मनात पैज होती, हे त्याने नंतर कुणापाशी कबूल केलं नाही. त्याने थोरल्याकडे बघून मान डोलावली. तीन विरुद्ध एक झाले, आणि त्या टेबलावर त्याच्या बायकोच्या बाजूने कुणी राहिलं नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला तो आप्पांना न्यायला पुढच्या घरात गेला. आप्पा टेबलाशी होते. अंघोळ झालेली, शर्टाला इस्त्री, भांग पाडलेला. पुढ्यात चहाचे दोन कप आणि टेबलावर आडवी त्यांची रायफल. समोरची धाकट्याची खुर्ची बाहेर ओढलेली होती, कुणी नुकतं बसल्यासारखी. नळीचं तोंड त्या खुर्चीकडे होतं. खुर्चीच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि दारात वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी गुणगुणत डबा भरत होत्या.

"या, बापू," आप्पा म्हणाले. "त्याला नळी पुसायला दाखवतोय. कधी शिकला नाही नीट."

जावई धंद्याने बंदूकवाला होता. त्याचे हात डोक्याच्या आधी हलले. त्याने नळी भिंतीकडे वळवली आणि बोल्ट मागे ओढून बंदूक उघडली. आतून एक गोळी टपकन टेबलावर पडली, घरंगळत गेली आणि दुसऱ्या कपाला लागून थांबली. जिवंत गोळी.

क्लबातून गोळी घरी येऊच शकत नव्हती. तिथे जेवढ्या दिल्या तेवढी, गोळी सुटल्यावर मागे उरणारी रिकामी टोपणं मोजून परत घेतात, आणि ती मोजणारा माणूस जावईच होता. प्रत्येकाला वीस. पहिल्या दहा हात बसायला मातीच्या बांधात मारायच्या, पुढच्या दहा कागदावर. तो सगळ्यांची टोपणं मोजायचा, पोस्टमास्तरांची तर दोनदा. आप्पा तिसऱ्या लेनवर, चौथीच्या शेजारी. त्यांनी पुढे केलेला डबा तो तसाच पिशवीत ओतायचा. सासऱ्यांची टोपणं कुठे मोजत बसायचं?

हात बसवायच्या दहा गोळ्या कुठे जात होत्या ते त्याला आत्ता समजलं. आणि गेल्या रविवारी नऊच का, तेही.

"ही दहावी," आप्पा म्हणाले. "त्याची राहिलेली."

"बंदुकीत का घातलीत, आप्पा?"

"मी?" आप्पांनी उजवा हात पुढे केला. बोटं सकाळच्या गारव्यात आखडलेली होती, मुठीत वळत नव्हती. "मला ती एवढीशी गोळी धरता तरी येते का या वेळी? त्यानेच घातली. म्हणाला, रविवारपर्यंत कोण थांबतंय, इथेच मारतो."

वहिनी डबा घेऊन वळल्या आणि विचारलं, भाऊजी, चहा घेणार का. समोरच्या कपातला चहा अर्धा झाला होता. आप्पांचा भरलेला होता, वर साय आलेली. जावयाने नको म्हणून सांगितलं, रायफल लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली एका खिशात टाकली आणि गोळी दुसऱ्या.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. तक्ता वाचायला जेवढं अंतर लागतं तेवढं तिथे नव्हतं, म्हणून तक्ता पेशंटच्या पाठीमागे टांगलेला आणि समोर आरसा. आप्पा खुर्चीवर बसले. त्यांच्या डाव्या हाताला एक रिकामं स्टूल होतं. थोरला क्लबचं पत्र घेऊन दाराशी उभा राहिला, जावई भिंतीला टेकून. चौघेही आरशात दिसत होते.

आप्पांनी तक्ता वरपासून खालपर्यंत सुपारी फोडल्यासारखा फोडून टाकला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"फारच झरझर वाचलंत, आप्पा," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी तक्ता उलटा केला.

मागच्या बाजूला अक्षरं नव्हती. नुसत्या कड्या होत्या, प्रत्येक कडी एका बाजूने तुटलेली. कुठे तुटलीय तेवढं सांगायचं. ही बाजू जावयाने पाहिलीच नव्हती, मग शिकवणार काय? संपलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला चक्क हायसं वाटलं. आप्पा नापास होणार, रायफल जाणार, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. एक गाऊन घालून भागणार होतं.

पहिल्या चार ओळी आप्पांनी सांगितल्या. पाचवीला ते थांबले. मग त्यांनी मान डावीकडे किंचित कलती केली, शेजारच्याचं कुजबुजणं ऐकताना करतात तशी.

"वर," ते म्हणाले. "उजवीकडे. खाली. खाली. डावीकडे."

डॉक्टरीणबाई आरशाजवळ जाऊन ती ओळ बघून आल्या. बरोबर होती. पुढची वाचायला सांगितली. तीही बरोबर. मग शेवटची, जी जावयाला भिंतीवरून नुसती मुंग्यांची रांग दिसत होती. आप्पा प्रत्येक कडीला थांबत होते, मान तशीच कलती, आणि एकदा त्यांनी "काय?" असं हळूच विचारलं आणि मग उत्तर दिलं. जावयाची नजर आरशातल्या स्टुलावर गेली. स्टुलाची रेक्झिनची गादी मधोमध दबलेली होती. जुनी असेल. आप्पांचा डावा हात गादीच्या वर, हवेत, एखाद्याच्या गुडघ्यावर ठेवावा तसा ठेवलेला होता आणि जराही खाली येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितले. तारीख, वार, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आप्पा कुठेही अडले नाहीत. मग बाईंनी थोरल्याकडून पत्र घेतलं, वाचलं, पेनाचं टोपण काढलं.

"घरच्यांना काही सांगायचंय का? फॉर्मवर आहे, म्हणून विचारते."

थोरला म्हणाला, काही नाही. आरशातून तो जावयाकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, पण शाळेत बाकाखाली काहीतरी लपवलेल्या पोरासारखा चेहरा. पैज जिंकली होती. बदकं खिशात होती. आणि दुसरं जे खिशात होतं ते जावयाच्या मांडीला टोचत होतं.

त्याने ते काढून टेबलावर ठेवलं.

"पहिला तक्ता मी पाठ करून घेतला," तो म्हणाला. "ही आज सकाळी आप्पांच्या बंदुकीत होती. बंदूक टेबलावर होती, आणि समोर वहिनी."

"ती माझ्या फॉर्मवरून आधी उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उभं राहूनच बाकीचं ऐकलं, कागद, आकडे, दहावी गोळी. मग पेनाचं टोपण परत लावलं. पत्र थोरल्याकडे सरकवत म्हणाल्या, "यात लिहिलंय नेम अचूक. नेमाचं मी विचारलंच नव्हतं हो. घरात कुणाला धोका आहे का, हे विचारत होते. ते तुम्हालाच माहीत असणार, मला इथे बसून कसं कळायचं?"

बंदूक आजच्या आज घरातून हलवायची, ऑफिसला त्या दुपारीच कळवणार, आणि आप्पांना घेऊन शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांनी एका दमात सांगितलं.

थोरला जावयाकडे वळला. "घरचा माणूस तुम्ही, दाजी."

"घरचे म्हणूनच तर मी टोपणं मोजली नाहीत, दादा."

थोरल्याने पत्राची घडी केली आणि ते खिशात घातलं. "यावर सेक्रेटरीची सही आहे," तो म्हणाला. "मी ते परत घेतोय असं लिहा."

आप्पा रागावले नाहीत. त्यांना एकच काळजी होती.

"मग त्याच्या लायसन्सचं काय?" त्यांनी विचारलं. "सराव दिसला नाही तर कापतील ना त्याचं. मी म्हणून सहा आठवडे ओढलं."

डॉक्टरीणबाईंनी उगाच तक्ता सुलटा करून ठेवला.

त्यानंतरचे तीन आठवडे वहिनी जावयाशी बोलल्या नाहीत. चहा मिळायचा, पण उंबऱ्याबाहेर ठेवलेला, झाकण घालून. त्या सकाळी आपल्या पाठीमागे टेबलावर काय होतं हे त्यांना थोरल्याने सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, मला मारलं नसतं त्यांनी. 'त्यांनी' म्हणजे आप्पांनी की आणखी कुणी, हे विचारायची जावयाची छाती झाली नाही. बायको मात्र त्याच्याशी पुन्हा बोलू लागली. शपथ कुठलीही न घालता.

रायफल क्लबच्या तिजोरीत गेली. आप्पा गोळ्या घेऊ लागले, औषधाच्या. थोरल्याने त्यांना रविवारी बसायला एक खुर्ची आणि एक काम दिलं. यापुढे रिकामी टोपणं आप्पा मोजणार. सगळ्यांची. सेक्रेटरीचीसुद्धा.

भिंतीवर वेगळाच तंटा चालू होता. पोस्टमास्तर म्हणायचे, आप्पांनी तक्ता वाचला, मी हरलो. जावई म्हणायचा, मी फसवलं, मी हरलो. दोघेही हरायला हटून बसले होते. शेवटी पोस्टमास्तरांनी विचारलं, दुसरी बाजू तर तुम्ही शिकवली नव्हती ना? मग ती कशी वाचली? ज्याला ठाऊक नाही त्याने जिंकायचं नसतं, एवढंच जावई म्हणाला. बायकोने आपला गाऊन द्यायला साफ नकार दिला. सामन्याच्या आदल्या दिवशी भिंतीवरून एक पुडी आली. आत पिवळा गाऊन, कडक इस्त्री केलेला.

सामन्याला गल्ली लोटली होती. धाकट्याला त्याच रविवारी वर्ष होत होतं, म्हणजे चौथ्या लेनवर कागद लागायचा हा शेवटचा दिवस. थोरल्याने शिट्टी वाजवली, सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, आणि शेडच्या मागून जावई बाहेर आला. खाली बूट, वर बदकं, बगलेत कागदांची भेंडोळी. लोक आधी बघतच राहिले आणि मग जो हशा उठला त्याने बांधावरचे पक्षी उडाले. पोस्टमास्तर पोट धरून बाकावर बसले. पोस्टमास्तरीणबाई ओरडल्या की बदकं खाली लोंबू देऊ नका, माती लागेल. तो पन्नास मीटर चालत गेला. पळाला नाही. पहिल्या लेनपासून दहावीपर्यंत कागद लावले आणि चौथीचा लावताना चारही कोपरे जरा जास्तच दाबून बसवले.

सामना झाला. आप्पांनी टोपणं मोजली. एकशे ऐंशी गोळ्या दिल्या होत्या, एकशे ऐंशी टोपणं आली. मग जावई, पैजेप्रमाणे गाऊनमध्येच, कागद काढायला पुन्हा गेला.

चौथ्या लेनचा कागद कोरा होता. त्याने तो उन्हात धरून पाहिला, मागून पाहिला. टाचणीएवढंही भोक नव्हतं.

तो परत आला तेव्हा हसणं थांबलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं तो कागद कुठला. वहिनी आप्पांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. शेजारी धाकट्याची जुनी घडीची खुर्ची कुणीतरी मांडून ठेवली होती.

"किती?" आप्पांनी विचारलं.

जावई आयुष्यात इतकं खोटं बोलला होता की आणखी एक आकडा तोंडातून सहज गेला असता. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"कोरा आहे, आप्पा."

आप्पांनी कागद हातात घेतला, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केला. मग मान डावीकडे किंचित कलती केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"कोराच राहणार," ते म्हणाले. "नेम धरायला घेतला आणि तुम्ही बदकं घेऊन समोर आलात. तेव्हापासून हसतोय. बंदूक खाली ठेवून दिली त्याने. म्हणतो, आता पुरे."

वहिनींनी तोंडावर हात धरला. मग, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, त्या जावयाशी बोलल्या.

"भाऊजी, त्यांना नीट बघू द्या की."

जावयाने गाऊन दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला. सगळी गल्ली, सगळा क्लब, बायको, थोरला, पोस्टमास्तर बघत होते. तो त्या रिकाम्या खुर्चीपुढे गेला, वाकून नमस्कार केला आणि सावकाश एक गिरकी घेतली. बदकं गोल फिरली. कुणी हसलं नाही.

गिरकी पुरी करताना त्याची पाठ खुर्चीकडे झाली, आणि तेवढ्यात मागून, अगदी जवळून, कुणीतरी नाकातून फुर्र करून हसलं.

जावई थांबला नाही. त्याने पाठीमागे न बघता आणखी एक गिरकी घेतली.